वेलबाबांचा पिवळा कुंचा

पहिला फटका बसला तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारी आमच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर पोरं, शेजारच्या गच्चीवर बायका, नळाच्या कट्ट्यावर पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत थेट आलेली माणसं. त्यांच्या कपड्यांना अजून भट्टीचा वास होता. वेलीच्या मांडवाखाली माझी सून गुडघे टेकून बसली होती. तिची दोन्ही मनगटं मी धरली होती. होय, मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी भली बाई वाटायला नको.

वेलबाबा मांडवाभोवती फिरत होते. हातात वीतभर केसांचा कुंचा, त्याला वेताची लांब मूठ. आधी ते कुंचा एकेका फुलावरून अलगद फिरवायचे, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा. मग तोच कुंचा उलटा धरायचे. केस मुठीत, वेत मोकळा.

"वांझ सावली, वेल कावली!" बाबा ओरडायचे. "सावली ठोका, फळाला झोका!"

"ठोका!" गल्ली म्हणायची.

असे अकरा फटके. चौथ्याला ब्लाउज फाटला, सातव्याला रक्त आलं. पोरगी किंचाळली नाही. मधे एकदा फक्त "आई" म्हणाली. तिच्या आईला म्हणाली की मला, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

आणि आठव्या दिवशी चमत्कार झाला. मांडवाला हिरव्या गोट्यांएवढी फळं लटकली होती. शेजारणीनं मोजली, तीसच्या वर भरली. तीन वर्षांत त्या वेलीला एक फळ धरलं नव्हतं. लोक चपला बाहेर काढून परसात येऊ लागले. मी तर मांडवाच्या खांबावर डोकं टेकून रडले, आणि आत खाटेवर पालथ्या पडलेल्या सुनेला म्हणाले, "बघ पोरी, तुझं सोसणं कारणी लागलं."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आमची गल्ली म्हणजे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यामागच्या पंधरा खोल्या. प्रत्येक खोलीला हातरुमालाएवढं परस, आणि प्रत्येक परसात ती वेल. कृष्णकमळाच्याच जातीची, पण खायचं फळ देणारी. लिंबाएवढं पिवळं फळ, आत केशरी रस आणि काळ्या बिया. भट्टीवरून आलेल्या माणसाच्या घशाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पहिल्या मुकादमानं पंपघराजवळ एक वेल लावली होती. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारी आपल्या वेलीची फांदी कापून त्यांच्या परसात रोवायचे. बी कुणी कधी लावलं नाही. बी लावलं तर फळ कसं निघेल कोण जाणे, फांदीचं मात्र नक्की गोड, असं सगळे म्हणत. पंपघराजवळच्या त्या पहिल्या वेलीला सगळे मूळवेल म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी फळं थांबली. झाडून सगळ्या गल्लीची. बाराच्या सुमारास फुलं उमलत, मांडव जांभळा-पांढरा होऊन जाई, भुंगे घोंघावत, आणि दुसऱ्या दिवशी फुलं गळून जात. त्याच वर्षी माझी सून घरात आली. तिलाही मूल झालं नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की माणूस त्यांची गाठ मारूनच मोकळा होतो. त्याच वर्षी आणखीही एक गोष्ट घडली होती. कारखान्याची जुनी भिंत पाडून नवी बांधली आणि जुन्या भिंतीवरची आंबट वेल उपटून टाकली. तिचं फळ तोंडात धरवत नसे. ती ओढून काढायला आम्ही बायकांनीच हात लावला होता, हसत हसत. पण त्याची गाठ कुणी मारली नाही.

मी व्रतं करणारी बाई. पहाटे चारला अंघोळ, दिवा, जप. एक वेळचं जेवण. आणि दुपारी बारापर्यंत मौन. नवऱ्याच्या आजारपणात धरलेलं हे मौन तो गेल्यावरही सोडलं नाही, बावीस वर्षं झाली. बारानंतरही माझा आवाज कधी चढत नसे. गल्ली मला गरीब गाय समजायची. पण बाबांना घरी मी बोलावलं, तेही याच हळू आवाजात. "सुनेचं काही बघता का," एवढंच म्हणाले होते.

बाबा गल्लीत आले त्याला जेमतेम चार महिने झाले होते. पंपघरामागच्या पडीक खोलीत राहायचे. मागे पोत्यांचा आडोसा केला होता, आणि आडोशात बाईची सावली पडायची नाही असा हुकूम होता. पूजा ठीक दुपारी बाराला, कारण बाराला देव डोळा उघडतो. पावसाची भुरभुर असली तर पूजा नाही. "आज आज्ञा नाही," म्हणायचे आणि पांघरूण घेऊन झोपायचे.

आमच्या घरचा चमत्कार बघून शेजारीण कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. ती पॅकिंग खात्यात होती. तिची जीभ बाटलीच्या फुटक्या तोंडासारखी.

"तुमच्या वेलीला झालं, आमच्या वेलीनं काय घोडं मारलंय? द्या सुनेला उद्या."

"तिची पाठ अजून ओली आहे," मी म्हणाले.

"मग काय झालं? सावली तुमच्या घरची, भोगायचं आम्ही?"

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "दोष एकीचा, परसं पंधरा. प्रत्येक परसात काढावा लागेल."

माझा मुलगा भट्टीवर कामाला होता. बायकोवर त्याचा जीव नव्हता असं नाही. "आई, तुला काय वाटतं?" असं विचारून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"देवाच्या कामात आपण काय बोलायचं?" मी म्हणाले. तेवढ्यावर त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या आठवड्यात शेजारणीचं परस. तिसऱ्यात आताच्या मुकादमाचं. त्याच्या आदल्या दिवशी पोरगी पळाली. बस थांब्यावरून तिला शेजारणीनं आणि आणखी दोघींनी केस धरून आणलं. रस्त्यात एकीनं तिच्या पोटात लाथ घातली. "रिकामंच तर आहे," म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. मुकादमाच्या परसात तिनं फटका अडवायला हात मागे नेला तर करंगळी मोडली. मला तो आवाज आला. सुकी काडी मोडावी तसा.

आणि प्रत्येक परसात आठवड्याभरात फळ!

त्या दिवसांत एकदा मी तिच्या पाठीला हळद लावत होते. ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, त्या कुंच्यात पिवळं काहीतरी भरलेलं असतं. सुरुवातीला जास्त असतं. मारून झालं की कमी होतं."

"देवाच्या माणसाच्या हातातलं बघू नये, पोरी."

"मी बघत नाही आई, दिसतं. दिवसभर उजेडासमोर बाटल्या धरते. बुडबुडा असला की दिसणारच ना?"

तिचं कामच ते होतं, बाटल्या पारखायचं. मोहरीएवढा बुडबुडा तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि मी तिला म्हणाले, "झोप आता."

चौथ्या परसात ती नवव्या फटक्याला पडली ती उठलीच नाही. तोंडातून फेस आला. बाबा तिच्या अंगावरून पाय टाकून पलीकडे गेले आणि दोन्ही हात वर केले.

"ऐका! दोष आता पोटात जाऊन बसलाय! पुढच्या आठवड्यात मूळवेलीखाली शेवटची पूजा. भट्टीची लाल सळई हिच्या पोटावर टेकवायची. त्या दिवशी पंधराही परसं एकदम फळतील, आणि हिची कूसही!" मग माझ्या मुलाकडे बोट केलं. "सळई नवऱ्यानं आणायची. नवऱ्याचा अधिकार."

लोकांनी जयजयकार केला. मुलगा भिंतीला टेकला आणि तिथंच ओकला.

मी आणि तो, आम्ही दोघांनी तिला उचलून कामगार दवाखान्यात नेलं. दवाखाना म्हणजे दोन खाटा, रोज अर्धा तास येणारे डॉक्टर, आणि बाकी सगळा वेळ सिस्टर. सिस्टर पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज भोंग्यासारखा.

"हे कुणी केलं?"

मी सुनेचा पदर सारखा करू लागले.

"बारा वाजून गेलेत बाई, तुमचं मौन सुटलंय. बोला."

"वेलबाबांनी. तिच्या भल्यासाठी."

सिस्टर कापूस भिजवून पाठ पुसू लागल्या. दोन बरगड्यांना भेग होती. वळावर वळ चढून कातडी सोललेली. थोड्या वेळानं त्यांनी कापूस माझ्या नाकासमोर धरला.

"हे पिवळं काय?"

"बाबांची विभूती असेल."

"राख कधीपासून पिवळी होऊ लागली?"

खाटेवरून सून पुटपुटली, "मी सांगितलं होतं."

सिस्टरनी जखमेच्या कडेची कोरडी पिवळी भुकटी काचेच्या पट्टीवर घेतली आणि रक्त तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ वाकून बघितलं. मग मला म्हणाल्या, "या. डोळा लावा."

मला दिसले गोल गोल दाणे. प्रत्येकावर जाळी विणल्यासारखी.

"हा पराग आहे," सिस्टर म्हणाल्या. "फुलाची भुकटी. माझे वडील रोपवाटिकेत माळी होते, लहानपणी मी हीच कामं केलीत. आता मला सांगा, बाबा आधी काय करतो? मारतो की फुलांना हात लावतो?"

"आधी कुंचा फुलांवरून फिरवतात. मग उलटा धरून मारतात."

"म्हणजे काम आधीच झालेलं असतं. फटके नुसते तुम्हाला दाखवायला."

मला काही कळेना. "पण सिस्टर, पराग तर आमच्या फुलांतही आहे. भुंगे रोज येतात. मग फळ का धरत नाही?"

"फांद्या कुठून आणल्यात?"

"एकमेकांकडून. मूळवेलीच्या."

"मग पंधरा परसांत पंधरा वेली नाहीत. एकच वेल आहे, पंधरा ठिकाणी उभी. आणि ही जात स्वतःचा पराग घेत नाही. भुंगा या परसातून त्या परसात गेला, तरी त्या फुलाला तो घरचाच पराग. फूल तो ओळखतं आणि आत घेत नाही."

"फुलाला कसं ओळखता येईल?"

"तुमच्या अंगात दुसऱ्याचं रक्त भरलं तर अंग ओळखतं ना? तसंच काहीसं, फक्त उलटं. इथं घरचं नाकारायचं, परकं घ्यायचं." त्या हात धुवू लागल्या. "झाडाला चालता येत नाही, बाई. सोयरीक लांब करायची तर भुंग्याला धाडायचं. घरातल्या घरात बी धरत राहिलं की सगळी पिल्लं एका मुशीतली. एकीला रोग झाला की सगळ्या जातात. लाखो वर्षांत ज्यांनी परका पराग घेतला त्यांची बी निरनिराळी निघाली, काही ना काही तगलं. त्यांचीच ही नात. याच्या उलट काही झाडं असतात, ती गटारीकडेची पांढऱ्या फुलांची बारकी गवतं बघा. ती आपला पराग आपणच घेतात. एक बी वाऱ्यानं कुठंही पडलं तरी एकट्यानं संसार थाटतं. म्हणून ती जगभर पसरलीत. तुमच्या वेलीला एकटीनं नाही जमत. तिला एक परकी लागते."

परकी. मला एकदम जुनी भिंत दिसली. काळपट लाल देठांची ती वेल, आणि आम्ही सगळ्या मिळून ती ओढतोय.

"आंबट वेल," मी म्हणाले. "ती उपटली त्याच वर्षी..."

"उपटली, पण ती कुठंतरी जिवंत आहे," सिस्टर सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून म्हणाल्या. "नाहीतर हा पराग आला कुठून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी फुलांची परडी घेऊन बाबांच्या खोलीवर गेले. बाबा जेवून घोरत होते. मी चपला काढल्या, पोत्याचा पडदा बाजूला केला आणि आडोशात गेले. माझी सावली पडली. काही झालं नाही.

तिथं मच्छरदाणी बांधली होती. चारही बाजूंनी खाली दगड ठेवून दाबलेली. आत आंबट वेल, तेच काळपट लाल देठ, फुलांनी भरलेली. आणि जाळीवर बाहेरून तीन काळे भुंगे बसले होते, आत जायला वाट शोधत.

मी त्या भुंग्यांकडे बघत उभी राहिले. ही जाळी नसती तर त्यांनीच सगळ्या गल्लीला फळ दिलं असतं. फुकट. एकही फटका न मारता. मी एक दगड सरकवला, तीन फुलं तोडली आणि परडीत देवाच्या फुलांखाली ठेवली.

सिस्टर घरी आल्या. आमच्या वेलीची दहा ताजी फुलं निवडली. पाच फुलांना आमच्याच वेलीचा पराग बोटानं लावला आणि पांढरा दोरा बांधला. पाचांना आंबट वेलीचा, आणि तांबडा दोरा. वर औषधाच्या पुड्यांच्या कागदाच्या पिशव्या, म्हणजे भुंगा मधे लुडबुडायला नको. सिस्टर म्हणाल्या, "आता तुमचा जप करा. फक्त पिशव्यांना हात लावू नका."

पाचव्या दिवशी पिशव्या काढल्या. पांढऱ्या दोऱ्याची पाचही फुलं बोट लागताच गळली. तांबड्यातलं एक गळलं, आणि चार देठांवर चार हिरव्या गोट्या. कुणाला मारलं नव्हतं. सून दवाखान्यात झोपली होती.

मुलाला दाखवलं. त्यानं एक गोटी दोन बोटांत धरून पाहिली.

"मग सळई आणणार नाहीस ना?" मी विचारलं.

"मुकादम म्हणालाय, नाही आणली तर उद्यापासून भट्टीवर येऊ नको. आणि मी नाही आणली तर दुसरा आणेल, आई. दुसऱ्याचा हात हलका नसेल."

माझा मुलगा. मीच वाढवलेला.

पूजेच्या दिवशी साडेअकराला लोकांनी दवाखान्याचं दार फोडलं. सिस्टर आडव्या आल्या, त्यांना औषधाच्या कपाटावर ढकललं. काचा फुटल्या, त्यांच्या कोपरातून रक्त गळायला लागलं. सुनेला चौघींनी हातापायाला धरून उचललं. ती आता गप्प नव्हती. चावत होती, ओरबाडत होती, एकीच्या हाताचा लचका तोडला. मी मागून धावत होते आणि माझं तोंड मिटलेलं होतं, कारण अजून बारा वाजले नव्हते. बावीस वर्षांची सवय तोंडावर हात ठेवून बसली होती.

पंपघरापुढे मूळवेलीखाली तिला आडवं पाडलं. दोघी हातांवर बसल्या, दोघी पायांवर. पोटावरचं वस्त्र सरकवलं. मुलगा भट्टीवरून आला. ओल्या फडक्यात धरलेली लांब सळई, टोक संत्र्यासारखं लाल. शेजारी पाण्याची बादली. वर मूळवेलीच्या कळ्या उघडायच्या बेतात. बाराची वाट बघत बाबांनी कुंचा हातात घेतला.

"वांझ सावली, वेल कावली..."

"थांबा!"

हा आवाज माझा आहे हे मलाही आधी कळलं नाही. सगळी गल्ली वळली.

मुकादम म्हणाला, "बाई, अजून बारा वाजले नाहीत. तुमचं मौन..."

"मोडलं. मोडू दे. आधी तो कुंचा धुवा."

"काय?" बाबा हसले.

"समोर बादली आहे. कुंचा धुवा, झटका, आणि मग फिरवा. देव तुमच्यात असेल तर ओल्या कुंच्यानंही फळ येईल."

बाबांनी आकाशाकडे बघितलं. "मूर्ख बाई! या कुंच्यात तेज आहे, तेज! पाण्यानं तेज विझतं!"

मग शेजारणीचा आवाज आला, "अहो पण रोज नळावर डोक्यावरून पाणी घेता तेव्हा तुमचं तेज कुठं ठेवता? साबणाच्या डबीत?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी.

"म्हणूनच पावसात पूजा नसते," मी ओरडले. "सिस्टरनी सांगितलंय, परागाला पाणी लागलं की तो फुटतो! आंबट वेल याच्या आडोशात आहे, मच्छरदाणीखाली. जा, बघून या! तिचा पराग कुंच्याला लागतो म्हणून फळ धरतं. मी कुणाला न मारता चार फळं धरवली आहेत घरी!"

बाबांनी वेताचा पहिला फटका माझ्या कपाळावर मारला. दुसरा तोंडावर. एक दात जिभेवर आला, कपाळाचं रक्त डोळ्यांत गेलं. मला तेव्हाच कळलं फटका म्हणजे काय ते. चार आठवडे मी मनगटं धरली होती, पण ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या फटक्याला मी वेत दोन्ही हातांत धरून ओढला आणि आडवी पडले. कुंचा बादलीत गेला. पाण्यावर पिवळी साय पसरली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. एका कोपराला रुमाल गुंडाळलेला, दुसऱ्या हातात आडोशातून तोडलेली काळपट लाल देठांची फांदी. त्यांनी ती मुकादमाच्या पायाशी टाकली. मुकादमानं उचलली, देठ बघितला, पान चुरडून हुंगलं.

"ही तर भिंतीवरची आंबटच," तो म्हणाला. "मीच उपटायला सांगितली होती."

बाबा पळाले. दहा पावलंही गेले नसतील, माणसांनी गाठलं. आधी चपला, मग लाथा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. बाबा आता साध्या माणसासारखे रडत होते. "फळबागेत मजूर होतो... तिथं बोटानं पराग लावायचो... काम सुटलं... इथून जाताना भिंतीच्या ढिगाऱ्यात खोड दिसलं..."

खोड दिसलं, दुसरीकडे नेऊन जगवलं, आणि गल्लीची फळं थांबणार हे ओळखून तीन वर्षं वाट बघितली. मग बाबा होऊन परत आला.

"सळई आणा!" शेजारीण किंचाळली. "त्याच्याच पाठीवर टेकवा!"

"टेकवा!" गल्ली म्हणाली. तोच सूर. नुसता शब्द बदललेला.

मुलगा सळई घेऊन पुढे निघाला. चेहरा ओळखू येत नव्हता. चार आठवडे जे करता आलं नाही ते आता त्याला एका फटक्यात करायचं होतं. मी रक्तानं भरलेल्या तोंडानं "नको" म्हणत होते, पण आवाज संपला होता.

सून उठली. हातापायांवर बसलेल्या बायका मारायला धावल्या होत्या, तिला धरायला कुणी उरलं नव्हतं. ती वाकून, बरगडी दाबून, नवऱ्यासमोर आली. त्याच्या हातातलं फडकं धरून सळई ओढून घेतली आणि बादलीत खुपसली. चर्रर्र आवाज झाला, वाफ तिच्या तोंडावर आली.

"पुरे," ती म्हणाली. "मला मारणारा हा एकटाच. पण माझे हातपाय धरणारे हात अजून सगळे इथंच आहेत. त्यांचं काय करायचं, ते आधी सांगा."

हात खाली आले, काहींनी ते पाठीमागे लपवले.

पोलिसांनी वेलबाबाला नेलं. जबाब द्यायला गेले तेव्हा मी माझंही नाव सांगितलं आणि मनगटं कशी धरली होती ते दाखवलं. खटला चालू आहे.

आडोशातली जाळी सिस्टरनी आणि सुनेनं मिळून काढली. एका पावसाळ्यात आंबट वेल कुंपणावर चढली, आणि पंधराही परसांत फळं धरली. भुंग्यांनी कुणाची सावली विचारली नाही. आता गल्लीत बीही लावतात. काही वेलींची फळं आंबट निघतात, काहींची फार गोड.

सून परत आली नाही. दवाखान्यामागच्या खोलीत राहते, बाटल्या पारखायला जाते. मूल न होण्याची तपासणी दोघांची करायची असते, हे डॉक्टरांनी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पाठ तर तिचीच हाताशी होती. रस्त्यात ती दिसली की मी थांबते. ती थांबत नाही. एकदा मी तिच्या दारात फळांची पिशवी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पिशवी आमच्या दारात होती, न उघडलेली.

मी अजून चारला उठते, दिवा लावते, जप करते. देवावरचा माझा विश्वास गेलेला नाही. पण बारापर्यंतचं मौन मी सोडलं. ज्या देवानं वेलीला इतकी हुशारी दिली, त्याला एका पोरीच्या रक्ताची गरज कशाला पडेल, हे मी त्या पहिल्याच दुपारी विचारायला हवं होतं. विचारायला काहीही लागत नव्हतं. सूक्ष्मदर्शकही नाही. सुनेनं तर बघून सांगितलंही होतं.

म्हणून वाचणाऱ्या माझ्या बायांनो, भावांनो, एवढंच मागते. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी बघा, तो किती वाजता होतो, कुठल्या दिवशी होत नाही, आणि पडद्यामागे काय झाकलंय. ज्याला दिसतंय त्याला "झोप आता" म्हणू नका. आणि देवाचं नाव घेऊन कुणी तुम्हाला दुसऱ्याची मनगटं धरायला सांगितली, तर आधी त्याला कुंचा धुवायला सांगा.